देव्हाऱ्यातलं रिव्हॉल्वर

चामटोलीत लग्न ठरलं की मुहूर्त काढायच्या आधी लोक कमळाबाईकडे येतात. ती मोकळी असेल तर तारीख पक्की. कमळाबाई म्हणजे माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची, मधुदादाची बायको. ती धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो येतोच, पण त्याच्याआधी धवलारीण मांडवात बसते आणि धवले गाऊन एकेका देवाला आमंत्रण करते. एकवीरा आई, खंडोबा, गावदेवी, घरातले गेलेले वाडवडील, सगळ्यांना नाव घेऊन. तिने बोलावल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही.

वहिनीचा आवाज काही गोड नाही. जाड आहे, वरच्या सुरात फाटतो. शेजारची बनूबाई तिच्या तोंडावर म्हणते, "हिच्या हाकेला देव भिऊन येतात. नाय आले त पुन्हा ओरडंल." वहिनी हसते आणि तिलाच कोरस धरायला बसवते.

मी लग्न होऊन बदलापुरात आले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. या वर्षांत मी वहिनीला शेतात, चुलीपाशी, आजारपणात, भांडणात, सगळीकडे पाहिलंय. पण दिलेला शब्द फिरवताना पाहिलं नाही. अंगात ताप असताना ती चामटोलीहून अंबरनाथला एका मांडवात गेली होती, कारण "येते" म्हणून बसली होती. मी रागावले तर म्हणाली, "रखमाबाय, याच तोंडानं मी देवाला बोलावते. यानंच खोटं बोलले, आन उद्या हाक मारल्यावर कोन आलाच नाय, मग?"

गेल्या वर्षी या स्वभावापायी तिच्या लेकीची नोकरी जाते की काय, अशी वेळ आली. ती हकिगत सांगितल्याशिवाय वहिनी कळायची नाही, म्हणून ती आधी सांगते.

मधुदादाच्या जमान्यात आमच्या भागात जमिनी गेल्या आणि इमारती आल्या. दादाला चार लोक व्यवहारात मध्ये घालायचे. एकदा त्याला धमकी आली, तेव्हा त्याने रीतसर परवाना काढून रिव्हॉल्वर घेतलं. ते त्याने कुणावर उगारलेलं मी तरी ऐकलं नाही. वर्षभर कपाटात कुलपात असायचं, आणि खंडेनवमीला गोळ्या काढून, पुसून, देव्हाऱ्यासमोर पाटावर यायचं. कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि ते. वहिनी सगळ्यांना सारखंच हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची.

दादा वैशाखात गेला. अंगणात खुर्चीत बसला होता, हातात चहा होता, कप खाली पडला एवढंच. दिवस झाले, मग कागदपत्रं सुरू झाली. सातबाऱ्यावर वारस चढले, बँकेत नाव लागलं, गॅसचं कनेक्शन वहिनीच्या नावावर झालं. रिव्हॉल्वरचं कुणाला सुचलंच नाही. वहिनीने ते गोळ्यांच्या पाकिटासकट स्टीलच्या डब्यात घालून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलं होतं. तिच्या मनाने ते आता देवांच्या ताब्यात होतं. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्याच मनात ती बंदूक राहिली नव्हती, देवातली वस्तू झाली होती. रोज सकाळी देवाला वाहून उरलेलं एक फूल त्या डब्यावर पडायचं.

मग खंडेनवमी आली. दादाचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून सण साधाच. मीही त्या दिवशी चामटोलीला होते. पूजा झाली आणि भावेश आत आला. भावेश आमच्या मधल्या भावाचा मुलगा; भाऊ लवकर गेला, दादानेच त्याला वाढवलं, घर शेजारीच. माती-खडीचे डंपर चालवतो, गळ्यात सोनं, बोटात अंगठ्या, मनाने वाईट नाही. पाटासमोर बसला आणि म्हणाला, "काकी, काकाची वस्तू अशी डब्यात गंजंल. घरात दुसरा बापय मानूस हाय कोन? मना दे. आपल्या जिज्ञासाच्या हळदीत कमरेला लावीन, काका मांडवात हाय असं वाटंल."

जिज्ञासा त्याची बहीण. तिचं लग्न माघात ठरलं होतं.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मांडवात असल्यासारखं वाटेल, या एका वाक्याने ती विरघळली. उठली, देवासमोरचा नारळ उचलला आणि त्याच्या हातात दिला.

आमच्या घरात नारळाला फार मान आहे. बैल विकला, बांध वाटून घेतला, तरी कागद नंतर. आधी देवासमोर नारळ हातात. नारळ दिला की वस्तू त्याची झाली. देणाऱ्याने तो परत मागायचा नसतो. घेणाऱ्याने स्वतःहून आणून दिला, तरच व्यवहार सुटतो. मी तिथेच बसले होते, आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, वस्तू घरातच राहतेय. दादाच्या वर्षश्राद्धापर्यंत ती देव्हाऱ्यातच असू दे, जिज्ञासाच्या हळदीपुरती काय ती ने, असं ठरलं.

त्यानंतर कार्तिकात आनंदाची बातमी आली. वहिनीची एकुलती एक लेक उन्नती पोलीस भरतीत निवडली गेली. अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती ही पोरगी. पहिल्या पाळीला जायच्या आधी गावच्या रस्त्यावर धावायची, कुत्री मागे लागायची, बनूबाई ओट्यावरून ओरडायची, "अगो, कुत्र्यांना त भरती नाय व्हायचं, त्यांना कशाला पळवतस?" तीन वेळा थोडक्यात राहिली होती. चौथ्यांदा यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. म्हणजे पोलीस घरी येऊन चौकशी करणार, घर कसं आहे, कुणावर काही गुन्हा आहे का, ते बघणार.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं, तेव्हा वहिनी आली. आता ती कुंकू लावून घेत नाही, पण महालक्ष्मीची कहाणी ऐकायला येते आणि नैवेद्याची खीर स्वतः ढवळते. खीर ढवळता ढवळता म्हणाली, "उन्नतीचा फोन आलता. या हप्त्यात पोलीस येतील घरी. त्यांना ओट्यावर बसवू का आत?"

"आत बसव की. पाहुण्यासारखं."

"आत देव्हाऱ्यासमोर जागा हाय. पण खनातला डबा जरा पुढं येतो, पाय लागंल कुनाचा. तुझ्या दादाची वस्तू हाय ना त्यात."

माझ्या हातातला चमचा थांबला. मला कायदा माहीत नव्हता. पण पोलीस, देव्हारा आणि तो डबा हे एकत्र डोळ्यांसमोर आलं. मी गॅस बंद केला आणि वहिनीला घेऊन खालच्या मजल्यावर गेले.

खाली नरेंद्र गायकवाड राहतात. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, शेवटची वर्षं शस्त्र परवान्याच्या शाखेत काढलेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून पेपर वाचत होते. वहिनीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. डबा, फूल, नारळ, भावेश. त्यांनी पेपरची घडी केली.

"कमळाताई, परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की परवाना संपला. मागे राहते ती बिनपरवान्याची बंदूक."

"पन ती आमचीच हाय ना? चोरीची नाय."

"मालकी तुमचीच. ताबा नाही. दादा गेल्यावर लवकरात लवकर पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची होती. जमा केली म्हणून ती सरकारची होत नाही. वारस म्हणून तुम्ही ती विकू शकता."

"भावेशला देऊ शकते?"

"त्याच्याकडे परवाना आहे?"

"त्याच्याकडं डंपरचा हाय."

नरेंद्रभाऊ हसले नाहीत. "ताई, एका माणसाने दुसऱ्याला बंदूक द्यायची, विकत असो नाहीतर फुकट, तर घेणाऱ्याकडे त्या हत्याराचा परवाना लागतो. शिवाय देणाऱ्याने आधी लेखी कळवायचं, की मी अमक्याला ही वस्तू देणार आहे. मग दीड महिना थांबायचं. त्यात पोलीस बघतात, घेणारा कसा आहे, हरकत आहे का. मगच वस्तू हातात द्यायची. हे काही न करता दिली, तर देणारा आत आणि घेणाराही आत. पुतण्या असो नाहीतर पोटचा."

वहिनी म्हणाली, "मी नारळ दिलाय, भाऊ."

"नारळाचं मला कळतं," नरेंद्रभाऊ म्हणाले. "न्यायाधीशाला कळेल का, ते नाही सांगता येत."

त्यांनी एकच बजावलं. डबा उघडू नका, रस्त्याने घेऊन हिंडू नका. ठाण्यात फोन करून खरं ते सांगा, ते येऊन नेतील.

आम्ही दोघी लगेच रिक्षाने चामटोलीला आलो. उन्नती पाळी संपवून नुकतीच घरी आली होती, कंपनीचा ड्रेसही अंगावर होता. ऐकलं आणि म्हणाली, "आई, गेली माझी नोकरी. व्हेरिफिकेशनच्या टायमाला घरात बिनालायसन्सचं हत्यार. कोण घेणार मला?"

तेवढ्यात भावेश आला. रिक्षा बघून आला असावा. त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा उलट खुलला.

"मग टेन्शन कशाचा? बरंच झालं की. काकी, आजच नेतो मी. नारळ माझ्याकडं हाय, वस्तू माझीच. पोलीस येतील, घर बघतील, जातील. घरात काय नाय त काय भेटनार त्यांना? तुझा शब्द राहिला, उन्नतीची नोकरी राहिली."

बोलणं इतकं सोपं होतं की क्षणभर मलाही पटलं. उन्नतीने आईकडे पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं ते मी वाचलं. ती हो म्हण, असं म्हणत नव्हती, पण नाही म्हण, असंही म्हणत नव्हती.

वहिनी देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली. मग भावेशला म्हणाली, "शब्द मी फिरवत नाय. वस्तू तुझी. पन तू परवाना घेऊन ये, मंग सरकारसमोर तुझ्या हातात देईन. नारळ देताना मी असं कुठं म्हनले, की चोरून नेशील?"

"काकी, चोरून काय, घरचीच..."

"घरची हाय त अंधारात कशाला नेतस? तू डब्बा नेलास आन उद्या तुना कोनी पकडला, तर या घरातली दोन पोरं एकदम जातील. तू पन माझाच हायस रं."

भावेशने पाय आपटला, चप्पल घातली. दारातून म्हणाला, "काका असता त असं बोलला नसता."

"काका असता त परवाना पन असता," वहिनी म्हणाली.

तो गेल्यावर उन्नती आईजवळ सरकली. हळूच म्हणाली, "आई, फोन कर तू. पण एक कर ना. देव्हाऱ्यात होतं, नवमीला पूजा केली, नारळ दिला, हे काही नको सांगू. सांग, माळ्यावर जुन्या पेटीत होतं, आज साफ करताना सापडलं. एवढंच. कुणाचं काय जातंय?"

वहिनी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "बाय, तू पोलीस व्हनार ना?"

"हो."

"उद्या कोनतरी तुझ्यासमोर बसून असंच सांगंल. माळ्यावर सापडला. तू काय करशील?"

उन्नती उठली, स्वतःच्या मोबाईलवरून ठाण्याचा नंबर लावला आणि फोन आईच्या कानाला धरला.

ठाण्यातून विचारलं, "आता उशीर झालाय, उद्या सकाळी गाडी पाठवू, का साध्या वेशात माणूस पाठवू? गावात चर्चा नको असेल तर." वहिनी म्हणाली, "गाडीच पाठवा. उजेडात येऊ द्या. आम्ही काय चोरी नाय केली, चूक केली."

दुसऱ्या दिवशी जीप आली. सगळी आळी जमली. बनूबाईने विचारलं, "काय गो, उन्नतीची वरात का?" आणि मग खरं कळल्यावर वहिनीच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि जीप जाईपर्यंत हलली नाही. साहेब तरुण होते. त्यांनी डबा उघडायला घेतला तेव्हा वर ताजं जास्वंदीचं फूल होतं. ते फुलाकडे बघत राहिले.

"हे काय?"

"रोज वाहते, साहेब. आज पन वाहिलं. जायचा दिवस व्हता त्याचा."

साहेबांनी वहिनीला चांगलंच सुनावलं. एवढे महिने हत्यार घरात ठेवणं हा गुन्हा आहे, कुणाच्या हाती लागलं असतं, गोळी सुटली असती, असं सगळं. वहिनी खाली मान घालून ऐकत होती. मग जबाब लिहून घेताना तिने नवमीचं, नारळाचं, सगळं सांगितलं. साहेबांनी पेन थांबवून विचारलं, "हे पुतण्याचं तुम्हाला सांगायची काय गरज होती?"

"तुम्ही विचारलं, कोनाला द्यायची बोली झाली का. झाली व्हती."

त्यांनी लिहिलं. वहिनीने अंगठा नाही, सही केली. सही ती दादाकडून शिकली होती. रिव्हॉल्वर जमा झाल्याची पावती मिळाली आणि साहेब जाताना म्हणाले, की जबाब वरिष्ठांकडे जाईल, पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. उन्नतीच्या पडताळणीचं विचारायची आमची हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस जड गेले. मी रोज संध्याकाळी दिवा लावून वहीत दिवसाचं लिहिते; त्या दिवसांत लिहायला काही नसायचं. फोन आला नाही, एवढंच. उन्नतीसोबत निवडलेल्या उल्हासनगरच्या मुलीची पडताळणी झाली, तिला प्रशिक्षणाचं पत्रही आलं. उन्नतीचं काही नाही. ती कंपनीत जात होती, सकाळी धावतही होती. मी विचारलं, "आता कशाला धावतेस?" तर म्हणाली, "आत्या, थांबले तर रडू येतं."

तिकडे भावेश काकीशी बोलत नव्हता. पण परवान्याचं त्याने मनावर घेतलं. एक दिवस माझ्याकडे आला, मान खाली, "आत्या, तुझ्या बिल्डिंगमध्ये ते हवालदार हाय ना?" मी त्याला खाली घेऊन गेले.

नरेंद्रभाऊंनी त्याला समजावून सांगितलं. अर्ज, ओळखपत्रं, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण, पोलिसांची चौकशी. भावेश मान डोलवत होता.

"आणि कारण," नरेंद्रभाऊ म्हणाले. "शस्त्र कशासाठी हवं, ते लिहावं लागतं. तुला धोका कुणापासून?"

"धोका तसा नाय कोनापासून."

"कुणी धमकी दिलीय? रात्री-अपरात्री पैसे घेऊन जावं लागतं?"

"नाय. पैसे तर ऑनलाइन येतात."

"मग?"

भावेशने मान खाजवली. "समाजात मान असतो ना, अंकल. हळदीत कमरेला असली की..."

"लिही तसं," नरेंद्रभाऊ शांतपणे म्हणाले. "हळदीत मिरवायला. माझ्या नोकरीत एवढं खरं कारण कुणी लिहिलं नव्हतं. आणि तुझ्या आत्या सांगत होत्या, तुझ्यावर मागच्या एका हळदीतल्या मारामारीची तक्रार आहे ना? तीही चौकशीत येईल. कुणाला मारलं होतंस?"

"मेव्हन्याच्या भावाला."

"का?"

"तो डीजेचा गाना बदलत व्हता."

नरेंद्रभाऊंनी चष्मा काढला, पुसला. "आणि त्या वेळी तुझ्या कमरेला ते असतं तर?"

भावेशने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहा आला होता तो अर्धा ठेवून उठला. जिन्यात मला म्हणाला, "आत्या, ज्याला मारला व्हता, तो पोऱ्या आता माझा चांगला दोस्त हाय. जिज्ञासाच्या मांडवाचा डेकोरेशन तोच करतोय." एवढंच म्हणाला आणि खाली जाऊन गाडीला किक मारली.

माघात जिज्ञासाच्या लग्नाचा मांडव उभा राहिला. हळदीच्या दिवशी सकाळी बायका जमल्या. धवले सुरू व्हायच्या आधी घरातला कर्ता धवलारणीच्या सुपात तांदूळ, पानविडा आणि नारळ ठेवतो. मग ती पहिला देव बोलावते. वहिनी सूप समोर घेऊन बसली होती, बनूबाई आणि दोघीतिघी मागे. घरात कर्ता म्हणजे भावेशच. दोन महिने तो काकीशी बोलला नव्हता. तो आला, तांदूळ ठेवले, विडा ठेवला, आणि मग नारळ ठेवला.

वहिनीने नारळ हातात घेऊन कानाशी हलवला. आतलं पाणी आटून खोबरं सुटलं होतं, खडखडत होतं. शेंडीला नवमीचं कुंकू अजून चिकटलेलं होतं.

"यो त जुना हाय," ती म्हणाली.

"तुझाच हाय," भावेश म्हणाला. "माझ्याकडनं व्यवहार सुटला, काकी. वस्तू तू पाहिजे त्याला दे. फक्त परवानेवाल्याला दे, नायतर हवालदार मना पन आत टाकंल."

मागे बायका हसल्या. वहिनीने त्याच्या गालावर हात ठेवला, हळदीचाच हात, त्याचा गाल पिवळा झाला. "बस इथं," म्हणाली. मग तिने पहिली हाक घातली, एकवीरा आईला. आणि वाडवडिलांना बोलावताना शेवटी मधुदादाचं नाव घेतलं. भावेश तिथेच मांडी घालून बसला होता, रिकाम्या कमरेने, आणि डोळे पुसत होता. काका मांडवात आल्यासारखं त्याला वाटलं असावं. निदान मला वाटलं.

मग वहिनी विकायला मोकळी झाली. घेणारा दूरचा नव्हता. उल्हासनगर कॅम्प एकमधले हरेशभाई, दादाचे जुने मित्र, तयार कपड्यांचा होलसेल धंदा. त्यांच्याकडे आधीपासून परवाना होता, जुनं हत्यार त्यांनी जमा केलं होतं आणि दुसरं घ्यायची परवानगी होती. ते घरी आले, दादाच्या तसबिरीला नमस्कार केला आणि म्हणाले, "भाभी, मधुभाईची चीज आहे, मी आजच ठाण्यात जाऊन घेतो ना. आपल्यात काय वेटिंग?"

"आपल्यातच वेटिंग, हरेशभाई," वहिनी म्हणाली. "मी अर्ज देनार, दीड महिना थांबनार, मंग देनार. तोवर तुम्ही चहाला या."

"भाभी एकदम सरकारी झाली," ते मला म्हणाले.

अर्ज नरेंद्रभाऊंनी सांगितला आणि उन्नतीने लिहिला. कोण विकणार, कोणाला, कोणतं हत्यार, त्याचा नंबर. तो घेऊन मायलेकी ठाण्यात गेल्या. तेच तरुण साहेब होते. अर्ज वाचून शिक्का मारायला सांगितला आणि उन्नतीकडे पाहून म्हणाले, "तुझी फाइल माझ्याकडेच होती. तुला उशीर का झाला, माहितेय?"

उन्नतीने नाही म्हणून मान हलवली.

"तुझ्या आईचा जबाब वर वाचायला गेला होता. देव्हारा, फूल, नारळ. वरून विचारणा झाली, की हे कुटुंब कसं आहे. मी लिहिलं, की या घरात विचारलं तर खरं उत्तर मिळतं. त्यांनी समज देऊन प्रकरण मिटवलंय. कालच फाइल पुढे गेली."

वहिनीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मध्येच गप्प झाली. मी विचारलं, "रडतेस का गो?" तर म्हणाली, "नाय. उन्नती बाहेर धावतेय ठान्याच्या आवारात. लोक बगतात. तिला आवर घालते आन मंग बोलते."

दीड महिना झाला, हरकत कुणाची आली नाही. ठाण्यात सगळ्यांसमोर रिव्हॉल्वर हरेशभाईंच्या हाती गेलं, त्यांच्या परवान्यात चढलं. वहिनीने जाताना त्यांनाही नारळ दिला. साहेबांनी विचारलं, "आता हा कशाला?" ती म्हणाली, "तुमचा कागद तुमच्यासाठी. यो आमच्यासाठी." त्यांनी हरकत घेतली नाही. दादाच्या वर्षश्राद्धाला हरेशभाई जेवायला आले. हत्यार घरी ठेवून आले होते, हे त्यांनी दारातच दोनदा सांगितलं.

उन्नती प्रशिक्षणाला गेली आणि पुढच्या खंडेनवमीला सुट्टी घेऊन घरी आली. केस कापलेले, चालणं बदललेलं. बनूबाई तिच्याभोवती फिरून बघून म्हणाली, "आता कुत्रीच पलतील."

मीही सकाळीच गेले होते. पाटावर कोयता, विळा, फाळ मांडलेले. फाळाच्या बाजूची जागा रिकामी होती. वहिनी हळदकुंकू लावता लावता थांबली आणि लेकीला म्हणाली, "तुना बंदूक देतात ना गो तिथं? ती का नाय आनलीस? दोन फुलं वाहिली असती."

"आई, ती सरकारची असते. ड्युटी संपली की जमा करायची, सही करायची. घरी आणत नाहीत."

"रोज जमा करतात?"

"रोज."

"बरा हाय," वहिनी म्हणाली. तिने हातातलं झेंडूचं फूल त्या रिकाम्या जागेवर ठेवलं, आणि उन्नतीला म्हणाली, "मंग तू बस तिथं. तुनाच लावते." उन्नती हसत पाटाशेजारी बसली, आणि वहिनीने तिच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू.